आईच्या तानपुऱ्याला नेमकं काय लागतं: ट्रान्सफॉर्मर, ॲडॉप्टर की एलिमिनेटर?

मृणाल_मिरज

नमस्कार मंडळी. चार दिवसांत चार जणांनी एकाच वस्तूला चार नावं सांगितली, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आई घरी गाणं शिकवते. आमच्या गावात तंबोरे करणाऱ्यांची अख्खी गल्ली आहे, घरात भोपळ्याचे दोन तंबोरेही आहेत. पण सकाळी सहा ते रात्री आठ येणाऱ्या मुलांसाठी रोजच्या वापराला इलेक्ट्रॉनिक तानपुराच लागतो. त्याच्यासोबत आलेला, भिंतीत खोचायचा जड काळा ठोकळा गेल्या आठवड्यात बंद पडला. आई त्याला एलिमिनेटर म्हणते.

पहिल्या दुकानात मी म्हटलं, "तानपुऱ्याचा ट्रान्सफॉर्मर गेलाय, नऊ व्होल्टचा द्या." त्यांनी लोखंडी पट्ट्यांचा एक गठ्ठा हातात ठेवला. एका बाजूने दोन वायरी, दुसऱ्या बाजूने तीन. 'नऊ शून्य नऊ' म्हणाले. याला पिन कुठे आहे विचारलं, तर म्हणाले, "मग तुम्हाला ॲडॉप्टर हवाय, तो माझ्याकडे नाही."

दुसऱ्या दुकानात ॲडॉप्टरच मागितला. नऊ व्होल्ट लिहिलेला होता, पिनही बरोबर बसली. घरी येऊन लावला. तानपुरा सुरू झाला, पण सुरांच्या मागे एक जाड घूंऽऽ असा आवाज. आईने लगेच हात वर केला: "बंद कर. हा सूर आपला नाही. पांढरी पाचच्या किंचित वर काहीतरी वाजतंय." (पांढरी पाच म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी.) मी काढून टाकला. आता दोन प्रश्न आहेत. तानपुरा बिघडला असेल का? आणि दुकानात जाऊन नेमकं काय मागू?

विजेचे_मास्तर

मृणालताई, आधी तुमच्या आईंच्या कानांना नमस्कार. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. ५० हर्ट्झचा हा सूर म्हणजे खालच्या सप्तकांतल्या पांढरी पाचच्या किंचित वरचा. ती पट्टी ४९ हर्ट्झवर आहे. तानपुऱ्याच्या छोट्या स्पीकरमधून ५० नीट ऐकू येत नाही, पण त्याची १०० आणि २०० ही वरची भावंडं येतात आणि तीही पांढरी पाचचीच. म्हणजे आईंनी ऐकलेला सूर थेट महावितरणच्या तारेतून आला होता.

त्यावरून मला खात्री वाटते की तुम्ही आणलेल्या डबीतून एसी, म्हणजे अशी दिशा बदलत हेलकावणारी वीज, बाहेर पडतो. त्या डबीवर 'आउटपुट' या शब्दापुढे काय चिन्ह आहे ते कृपया बघून सांगा. लाटेसारखी नागमोडी रेघ आहे, की एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तीन तुटक रेघा? आणि ती डबी आता पुन्हा लावू नका.

मृणाल_मिरज

बघितलं सर. इनपुटपुढेही नागमोडी रेघ आहे आणि आउटपुटपुढेही नागमोडीच. तानपुऱ्याच्या पाठीवर मात्र सरळ रेघ आणि खाली तुटक रेघा आहेत, शेजारी ९ व्होल्ट, ५०० मिलिॲम्पिअर. एक छोटं चित्रही आहे: मध्ये ठिपका, भोवती अर्धं वर्तुळ, दोन्हींना रेघा जोडून अधिक-उणे दाखवलंय. ठिपक्याला उणे जोडलंय.

विजेचे_मास्तर

मग उलगडा झाला. तुम्हाला मिळाला तो एसीतून एसीच देणारा ॲडॉप्टर. काही जुन्या मॉडेमना आणि दारावरच्या घंटांना असा लागतो, त्यामुळे तो खराब माल नाही, फक्त तुमच्या कामाचा नाही. डबीच्या आत निव्वळ ट्रान्सफॉर्मर आहे, दुसरं काही नाही.

ट्रान्सफॉर्मर करतो एवढंच: एसी घेतो आणि एसीच देतो, फक्त व्होल्ट कमी-जास्त करतो. एका लोखंडी गाभ्यावर तारेची दोन वेटोळी. पहिल्यात ज्या प्रमाणात जास्त वेढे, त्या प्रमाणात दुसऱ्यातून व्होल्ट कमी. दोन्ही वेटोळ्यांना जोडणारी वायर नसते, मध्ये असतो तो फक्त बदलतं चुंबकत्व. 'बदलतं' हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा. १८३१ मध्ये फॅरेडेने लोखंडी कड्यावर अशीच दोन वेटोळी गुंडाळली आणि एकाला बॅटरी जोडली. दुसऱ्या वेटोळ्याला लावलेली सुई जोडताना एकदा हलली, तोडताना एकदा हलली. मधल्या वेळात वीज अखंड वाहत होती, तरी सुई ढिम्म. डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, ट्रान्सफॉर्मर का चालत नाही याचं उत्तर त्या सुईने तेव्हाच दिलं होतं.

तानपुऱ्याला हवाय डीसी. म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पुढे आणखी दोन गोष्टी लागतात. एसीला एकाच दिशेने वळवणारे डायोड, जुन्या ठोकळ्यांत बहुधा चार असतात, आणि उरलेले हेलकावे सपाट करणारा कपॅसिटर. हे सगळं एका डबीत बसवून पुढे वायर आणि पिन लावली की त्याला आपण ॲडॉप्टर म्हणतो. आईंचा 'एलिमिनेटर' म्हणजे हीच वस्तू. रेडिओ आणि टेपरेकॉर्डरच्या काळात सेलचा खर्च वाचवायला लोक तो घ्यायचे, म्हणून 'बॅटरी एलिमिनेटर'. त्या जुन्या डब्यांवर ३, ४.५, ६, ७.५, ९ आणि १२ व्होल्टसाठी फिरवायची खुंटी असायची.

तानपुरा वाचला असण्याची शक्यता चांगली आहे. अशा वाद्यात जॅकच्या लगेच पुढे बहुतेकदा एक डायोड असतो. त्याने एसीची उलटी बाजू अडवली, सुलटी तेवढी आत सोडली, म्हणूनच तो घुमत का होईना वाजला. सेल घालायची सोय असेल तर सेलवर लावून बघा. दीड व्होल्टचे सहा सेल म्हणजे नऊ व्होल्ट झाले.

तपकीर_गल्लीतला

मास्तरांनी तत्त्व सांगितलं, मी गल्ल्यावरचं सांगतो. पुण्यात वीस वर्षं हाच माल विकतोय.

आमच्या भाषेत नुसता 'ट्रान्सफॉर्मर' म्हटलं की उघडा, लोखंडी, वायरी बाहेर आलेला. तो रिपेअरिंगवाले आणि इंजिनीअरिंगची पोरं नेतात. 'नऊ शून्य नऊ' म्हणजे मधली वायर शून्य धरली तर दोन्ही बाजूंना नऊ-नऊ, आणि बाहेरच्या दोन वायरींत मिळून अठरा. बंद डबीत, पिनसकट असेल तर 'ॲडॉप्टर'. आत हलका इलेक्ट्रॉनिक सर्किटवाला असेल तर 'एसएमपीएस'. एलईडी पट्टीवाले त्यालाच 'ड्रायव्हर' म्हणतात, आरओ दुरुस्त करणारा 'आरओचा ट्रान्सफॉर्मर' म्हणतो आणि त्याला हवा असतो २४ व्होल्टचा डीसी ॲडॉप्टर. मी गिऱ्हाइकाच्या शब्दावर जात नाही. विचारतो, "कशाला लावायचाय, आणि जुना आणलाय का?" जुना समोर आला की वाद संपतो.

ताई, पहिल्या दुकानदाराची चूक नाही. तुम्ही मागितलं तेच त्याने दिलं. दुसऱ्याने मात्र आउटपुटचं चिन्ह बघून द्यायला हवं होतं.

आता मागा असं: "नऊ व्होल्ट डीसी, पाचशे एमए किंवा जास्त, पिनच्या मध्ये मायनस." पिन जाड की बारीक ते दुकानातच लावून बघा. बाहेरून साडेपाच मिलिमीटरची पिन दोन प्रकारची येते, आतलं भोक २.१ किंवा २.५ मिलिमीटर. २.५ ची पिन २.१ च्या जॅकवर बसल्यासारखी वाटते, पण सैल राहते आणि वाजताना आवाज तुटतो.

जुना ठोकळा फेकू नका. माझ्याकडे येणाऱ्या अशा ठोकळ्यांत अर्ध्याहून जास्त वेळा आतलं काही गेलेलं नसतं. पिनच्या मानेपाशी वायर रोज वाकते आणि तिथे आतल्या आत तुटते.

शिवारातला_गणेश

चर्चा वाचून एक विचारतो. आमच्याकडं ट्रान्सफॉर्मर म्हणजे 'डीपी'. गावाबाहेर दोन खांबांवर बसवलेली, तेलाची टाकी आणि ती थंड ठेवायला बाजूनं पत्र्याच्या पात्या असलेली. ती जळाली की अख्ख्या शिवाराचं पाणी थांबतं. पेपरात तिलाच 'रोहित्र' म्हणतात. आमची १०० केव्हीएची आहे, ११ हजार व्होल्ट आत, ४३३ बाहेर. दोन्हीकडं एसी, एवढं मला ठाऊक आहे, मास्तरांच्या सांगण्यात बसतंय.

पण माझ्या ऊसाभोवती रानडुकरांसाठी झटका मशीन आहे. ते चालतं १२ व्होल्टच्या बॅटरीवर, म्हणजे डीसीवर. दुरुस्तीवाल्यानं उघडलं तेव्हा आत ट्रान्सफॉर्मर मी डोळ्यांनी बघितला. डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही, तर मग हे कसं चालतं?

विजेचे_मास्तर

गणेशराव, इतका नेमका प्रश्न मला वर्गातसुद्धा क्वचित आला.

तुमच्या मशीनमध्ये बॅटरीची वीज ट्रान्सफॉर्मरला सरळ जात नाही. आधी एक सर्किट तिचे तुकडे करतं, चालू-बंद, चालू-बंद, सेकंदाला हजारो वेळा. फॅरेडेची सुई जोडताना-तोडताना हलली होती ना, तेच इथे अखंड चाललेलं असतं. त्यातून वाढलेला व्होल्टेज एका कपॅसिटरमध्ये साठतो आणि साधारण सेकंदाला एकदा तो सगळा साठा दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून तारेत सोडला जातो. टक्-टक् आवाज येतो तो त्याचाच. झटका इतका क्षणिक असतो म्हणून जनावर दचकतं, मरत नाही. म्हणूनच कुंपणाला कधीही घरची लाइन थेट जोडू नये. ती सुटत नाही, धरून ठेवते, आणि माणसं गेलेली आहेत.

घरातला इन्व्हर्टर याच जातीचा. आणि तपकीर गल्लीवाल्यांनी सांगितलेला एसएमपीएसही. त्यात २३० व्होल्ट एसी आधीच डीसी केला जातो, तो भरतो साधारण ३२५ व्होल्ट. मग त्याचे सेकंदाला साठ-सत्तर हजार किंवा जास्त तुकडे, मग चिमुकला ट्रान्सफॉर्मर, मग पुन्हा डीसी. हेलकावे जितके जलद, तितका गाभा लहान पुरतो. त्यामुळे पूर्वी पाव-अर्धा किलोच्या ठोकळ्यातून मिळायचं ते आता आगपेटीएवढ्या डबीतून मिळतं. ट्रान्सफॉर्मर गेलेला नाही, तो आत लपलाय. डबी मात्र कुणी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्या ३२५ व्होल्टच्या कपॅसिटरमध्ये वीज काही काळ राहते.

'रोहित्र' शब्दात मला नेहमी आरोहातला 'रोह' ऐकू येतो, चढवणारा. आपल्या डीपीत मात्र काम अवरोहाचं आहे. इंग्रजी शब्दही तसा फार जुना नाही. १८८५ च्या सुमारास बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि देरी या तिघांनी बंद गाभ्याचं यंत्र बनवलं, तेव्हा ब्लाथीने त्याला 'ट्रान्सफॉर्मर' म्हटलं.

माई_एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहते. आमच्याकडे याच शब्दांवरून दर सुट्टीत कुणाचं तरी नुकसान होतं, म्हणून लिहिते.

इथे दुकानात 'ट्रॅव्हल ॲडॉप्टर' म्हणून जी पांढरी वस्तू मिळते, ती फक्त पिनांचा आकार बदलते. व्होल्ट जसेच्या तसे पुढे जातात. माझ्या बहिणीने इथून नेलेला १२० व्होल्टचा राइस कुकर पुण्यात असा ॲडॉप्टर लावून चालू केला. भात व्हायच्या आधी आतली कॉइल जळाली. ॲडॉप्टर लावला होता ना, मग कसं झालं, असं ती मला फोनवर विचारत होती. मलाही तेव्हा सांगता आलं नाही.

उलट मी भारतातून आणलेला मिक्सर इथे नुसत्या पिनवर लावला तर तो कण्हत फिरला, खोबरं काही वाटेना. शेवटी व्होल्ट वाढवणारा जड ट्रान्सफॉर्मर घेतला, ७५० वॅटच्या मिक्सरसाठी १५०० व्हीएचा. आता पुरणही वाटून होतं. तिसरी वस्तू 'कन्व्हर्टर' म्हणून मिळते, हलकी आणि स्वस्त. त्यातल्या बऱ्याच फक्त इस्त्री, केस वाळवायचं यंत्र असल्या तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात, खोक्यावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. मिक्सर किंवा टीव्ही त्यावर लावू नये.

विजेचे_मास्तर

माई, बहिणीला सांगा: व्होल्ट जवळजवळ दुप्पट झाले की तापणाऱ्या वस्तूत उष्णता दुपटीने नाही, वर्गाने वाढते. २३० भागिले १२०, त्याचा वर्ग, म्हणजे साडेतीन पटीहून जास्त. कुकर तग धरणं शक्यच नव्हतं.

एक भर घालतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. तिकडे ६०, इकडे ५०. मेनच्या हेलकाव्यांवर चालणारं तिकडचं जुनं घड्याळ योग्य ट्रान्सफॉर्मर लावूनही इथे तासाला दहा मिनिटं मागे पडेल. लॅपटॉप आणि मोबाइलच्या चार्जरला मात्र यातलं काही लागत नाही. त्यावर '१०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' लिहिलेलं असेल तर नुसती पिन बदलली तरी चालते.

मृणाल_मिरज

सेल घालून बघितलं. तानपुरा स्वच्छ वाजतोय! आई पंधरा मिनिटं नुसती ऐकत बसली होती. सगळ्यांचे आभार.

एक शंका राहिलीय. दुकानात ९ व्होल्ट डीसी, मध्ये उणे असा मिळतोय, पण १ ॲम्पिअरचा. तानपुऱ्यावर तर ५०० मिलिॲम्पिअर लिहिलंय. दुप्पट करंट जाऊन काही होणार नाही ना? आणि भाऊ म्हणतो घरात राउटरचा १२ व्होल्टचा पडलाय, तोच लावू.

तपकीर_गल्लीतला

१ ॲम्पिअरचा निर्धास्त घ्या. पंगतीत वाढप्याच्या हातात मोठं पातेलं असलं म्हणून जेवणारा जास्त जेवत नाही. तानपुरा लागेल तेवढाच करंट ओढतो. पातेलं लहान पडलं तर मात्र पंचाईत, म्हणजे ३०० एमएचा लावलात तर डबी तापेल आणि आवाज बसेल.

व्होल्टचं तसं नाही, ते समोरच्याच्या गळी पडतातच. १२ चा लावू नका. शिवाय राउटरच्या पिनला बहुतेक मध्ये प्लस असतो, तुमच्याकडे मायनस आहे. गिटारच्या पेडललाही असंच ९ व्होल्ट, मध्ये मायनस लागतं, त्यामुळे वाद्यांच्या दुकानात लवकर मिळेल. घेताना डबीवर बीआयएसची नोंदणी बघा. आणि वीस-तीस रुपये वाचवायला बिननावाचा एसएमपीएस घेऊ नका, आवाजाच्या वस्तूत त्याची बारीक शिट्टी ऐकू येते. आईंचे कान बघता त्यांना ती पहिल्या मिनिटाला कळेल.

निवृत्त_दूरसंचार

एक अनुभव. माझ्याकडच्या जुन्या ठोकळ्यावर ९ व्होल्ट डीसी लिहिलंय, मीटर १३ दाखवतो. मी तो बिघडला म्हणून टाकणार होतो.

विजेचे_मास्तर

टाकू नका साहेब, चांगला आहे. ट्रान्सफॉर्मरचे ९ व्होल्ट एसी म्हणजे एक प्रकारची सरासरी. लाटेचं टोक त्याच्या १.४ पट, जवळपास १२.७. कपॅसिटर टोकापर्यंत भरतो. डायोडमध्ये सव्वा-दीड व्होल्ट जातात, पण काही जोडलेलं नसताना ट्रान्सफॉर्मर स्वतःच थोडे जास्त देतो, म्हणून मीटरवर १३. लिहिलेला ५०० मिलिॲम्पिअर करंट ओढलात की तो नऊच्या आसपास येईल. एसएमपीएस मात्र रिकामा असतानाही नऊच दाखवतो, कारण त्यात व्होल्ट राखणारी व्यवस्था असते. म्हणून जुना ठोकळा एखाद्या कमी करंट खाणाऱ्या नाजूक वस्तूला लावताना जपून.

मृणाल_मिरज

शेवटचं सांगायचं राहिलं होतं. नवीन ९ व्होल्ट, १ ॲम्पिअरचा सांगलीत वाद्यांच्या दुकानात मिळाला. तिथेच मीटर लावून दाखवला, ९.१ आले आणि मध्ये उणे. घरी लावला, आईने काळी दोनवर लावून डोळे मिटले, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मागे काही नाही."

तपकीर गल्लीवाले दादा, तुमचा अंदाज अगदी बरोबर निघाला. जुना ठोकळा गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे नेला. त्यांनी पिनपासून चार बोटं वायर कापली, नवी पिन डाखली. पोलॅरिटी आधी तपासून घेतली. मीटरवर रिकामा १२.८ आला, तेव्हा मास्तरांचं गणित मीच त्यांना समजावलं. आता तो दुसऱ्या खोलीतल्या तानपुऱ्याला लागलाय. आईने त्याच्यावर चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय: 'डीसी ९, पाचशे, मध्ये उणे.'